अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतरचा हर्निया : धोका वेळीच कसा ओळखावा

अन्ननलिकेच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन रुग्ण घरी आला की घरच्यांच्या मनात दोन काळज्या असतात. जोड नीट भरून येईल का, ही एक. आणि आजार पुन्हा उलटणार तर नाही ना, ही दुसरी. या दोन्हींबद्दल डॉक्टर समजावून सांगतात, घरात चर्चा होते, भेटायला येणारेही तेच विचारतात. परंतु या शस्त्रक्रियेनंतर पोटातले आतडे हळूहळू किंवा एकाएकी छातीत चढू शकते, हे बहुतेक कुटुंबांना तो प्रसंग अंगावर येईपर्यंत माहीत नसते. आम्हालाही नव्हते. माझ्या वडिलांच्या शस्त्रक्रियेला चौदा महिने झाले असताना आम्ही ते शिकलो. ज्या गोष्टी आधी ठाऊक असत्या तर त्यांच्या वेदनेचे कितीतरी तास वाचले असते, त्या येथे लिहीत आहे.

हा हर्निया, म्हणजे आतडे असे छातीत चढणे, सर्वांना होत नाही. वेगवेगळ्या रुग्णालयांचे अनुभव एकत्र करून केलेल्या अभ्यासांत दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांपैकी शंभरात चार-पाच जणांना, तर पोट उघडून शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी शंभरात साधारण एकाला तो झालेला आढळतो. आकडा लहान आहे, पण छातीत चढलेले आतडे तेथे अडकले आणि त्याचा रक्तपुरवठा तुटला, तर हाताशी काही तासच असतात. हा लेख वाचून कोणी घरी निदान करत बसू नये. दवाखान्यात केव्हा पोहोचावे आणि तेथे गेल्यावर नेमके काय सांगावे, एवढ्यासाठीच तो आहे.

छातीत नेमके काय बदललेले असते

लक्षणे पाठ करण्यापेक्षा आतली रचना एकदा समजून घेतलेली बरी, कारण ती समजली की लक्षणे आपोआप लक्षात राहतात. छाती आणि पोट यांच्यामध्ये डायफ्रॅम नावाचा स्नायूचा पडदा असतो. अन्ननलिका या पडद्यातल्या एका भोकातून खाली उतरून जठराला मिळते. निरोगी माणसात हे भोक अन्ननलिकेभोवती घट्ट बसलेले असते आणि पातळ पडद्यासारख्या धाग्यांनी तिला बांधलेले असते. कर्करोगासाठी अन्ननलिका काढताना शल्यचिकित्सकाला हे बंध कापावे लागतात, भोक थोडे मोठे करावे लागते, आणि जठराची अरुंद नळी करून ती त्याच वाटेने छातीत वर ओढून उरलेल्या अन्ननलिकेला जोडावी लागते. आयव्हर लुईस यांनी १९४६ साली मांडलेल्या पद्धतीत हा जोड छातीत असतो. मॅकिओन पद्धतीत तो मानेत असतो. काही रुग्णांत छाती न उघडता पोट आणि मान या दोनच ठिकाणांहून काम होते. पद्धत कोणतीही असली तरी डायफ्रॅममधली ती वाट पूर्वीइतकी घट्ट राहत नाही.

आता श्वासाचा विचार करावा. आपण श्वास आत घेतो तेव्हा छातीतला दाब कमी होतो आणि पोटातला वाढतो, म्हणजे दिवसातून हजारो वेळा पोटातल्या गोष्टींना वर ओढ बसते. खोकला, कुंथणे, जड ओझे उचलणे यांनी त्या ओढीत भर पडते. शस्त्रक्रियेनंतर वजन बरेच उतरलेले असते, भोकाभोवतीची चरबीही झिजलेली असते, त्यामुळे फट आणखी सैल होते. या फटीतून सर्वांत जास्त वेळा वर जातो तो मोठ्या आतड्याचा आडवा भाग, कारण तो जठराच्या अगदी खालीच असतो आणि जठर मोकळे करताना त्याच्याशी असलेले नातेही सोडवलेले असते. कधी लहान आतडे जाते, कधी आतड्यावर पांघरलेला चरबीचा पदर तेवढा जातो. उजवीकडे यकृताचे झाकण असल्यामुळे आतडे बहुतेक वेळा छातीच्या डाव्या बाजूला शिरते, आणि ही डावी बाजू पुढच्या सगळ्या विवेचनात महत्त्वाची आहे.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर हे प्रमाण जास्त का, असा प्रश्न आम्हालाही पडला होता. पोट उघडून शस्त्रक्रिया केली की आतले अवयव बरे होताना एकमेकांना आणि पोटाच्या भिंतीला चिकटतात. एरवी ही चिकटण त्रासदायक ठरते, पण येथे तीच आतड्याला जागेवर धरून ठेवते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत चिकटण कमी होते, आतडे मोकळे राहते आणि त्याला वर सरकायला वाव मिळतो. म्हणून कोणी दुर्बिणीची शस्त्रक्रिया नाकारू नये. फुफ्फुसाचे त्रास आणि जखमेच्या वेदना तिच्यात कमी होतात, आणि हा लाभ लहान नाही. ज्यांची ती झाली आहे त्यांनी पुढची काही वर्षे थोडे अधिक सावध राहावे, इतकेच.

नेहमीचे त्रास आणि हर्नियाचा त्रास

गोंधळ होतो तो येथे. या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला खाण्यापिण्याचे काही ना काही त्रास असतातच, त्यामुळे नवा त्रास त्या जुन्या यादीत मिसळून जातो आणि घरचे म्हणतात, हे तर नेहमीचेच. म्हणून नेहमीचे काय, हे आधी नीट ओळखून ठेवावे.

जेवल्यावर पंधरा ते तीस मिनिटांत छातीत धडधड, घाम, पोटात कळ आणि पातळ शौचास होणे, किंवा जेवणानंतर एक ते तीन तासांनी एकदम गळून जाणे आणि हातापायांना कंप सुटणे, याला डम्पिंग म्हणतात. गोड पदार्थ किंवा एका वेळी जास्त खाणे झाले की ते होते, थोडे पडून राहिले की ओसरते, आणि आहार बदलला की कमी होते. जोडाची जागा आकसली तर घास अडकतो. आधी पोळीभात अडकतो, मग मऊ पदार्थ, मग पातळ. हा त्रास घास गिळताना जाणवतो आणि रुग्ण बोट ठेवून जागा दाखवू शकतो. आडवे झाल्यावर आंबट-कडू पाणी घशाशी येणे हेही नेहमीचे आहे, कारण जठराचे तोंड बंद ठेवणारी झडप आता राहिलेली नसते. म्हणूनच या रुग्णांना डोक्याकडची बाजू उंच करून झोपायला सांगतात.

हर्नियाचा त्रास या सर्वांहून वेगळ्या चालीने येतो. त्याचा सलग संबंध एकाच पदार्थाशी किंवा घासाशी नसतो. दुखणे डाव्या बाजूला, बरगड्यांच्या खालच्या कडेला किंवा छातीत खोलवर असते, आणि कधीकधी ते डाव्या खांद्याच्या टोकाशी जाणवते, कारण डायफ्रॅमला चिमटा बसला की त्याची कळ खांद्यात उमटते. घरात अशा वेळी उसण भरली असेल, कुशीवर झोपल्याने अवघडले असेल, असे म्हटले जाते. उसण हलल्यावर, वळल्यावर, हात उचलल्यावर दुखते आणि दाबले की नेमकी सापडते. हर्नियाची कळ दाबून सापडत नाही. जेवल्यानंतर धाप लागणे हे दुसरे लक्षण. पूर्वी दोन जिने चढणारा माणूस जेवल्यावर अंथरुणापर्यंत जातानाच दमू लागला, आणि रिकाम्या पोटी मात्र बरा असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. छातीत गुडगुड ऐकू येणे हे तिसरे. जठर छातीत असल्यामुळे थोडा आवाज सगळ्याच रुग्णांना येतो, पण तो मध्यभागी किंवा किंचित उजवीकडे असतो. डाव्या बाजूला नव्याने आवाज सुरू झाला तर त्याची नोंद करावी.

याखेरीज आणखी एक मूक प्रकार आहे. आतडे छातीत असते, पण काहीच त्रास नसतो, आणि नियमित तपासणीच्या सीटी स्कॅनमध्ये ते अवचित दिसते. त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

हे केव्हा होते, याला ठरावीक वेळ नाही. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही दिवसांत, रुग्णालयात असतानाच, ते होऊ शकते. अनेकांना पहिल्या एक-दोन वर्षांत होते. आणि पाच वर्षे सुखरूप गेल्यानंतरही होऊ शकते. कर्करोगातून बरे झालो, आता ती फाईल कपाटात गेली, असे म्हणणाऱ्या माणसालाही ते गाठू शकते.

क्षणाचाही विलंब करू नये अशी चिन्हे

छातीत गेलेले आतडे अडकले की दुखणे येऊन-जाऊन राहत नाही, ते सलग होते आणि वाढत जाते. उलट्या सुरू होतात, किंवा उमासे येतात आणि बाहेर फक्त फेसाळ लाळ येते. वारा सरत नाही, शौचास होत नाही. सुरुवातीला आतड्याच्या खालच्या भागात जे आधीच साठलेले असते ते एकदा बाहेर पडू शकते, त्यामुळे सकाळी शौचास झाली म्हणून निर्धास्त राहू नये. स्वस्थ बसलेले असताना नाडीचे ठोके मिनिटाला शंभराच्या वर टिकून राहिले, अंगाला थंड घाम आला, ताप चढला, लघवी कमी झाली, बोलण्यात असंबद्धता आली, बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर आकडा नेहमीपेक्षा खाली, विशेषतः ९४ च्या खाली गेला, तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटत असण्याची शक्यता धरूनच पावले उचलावीत. ही सर्व चिन्हे एकत्र दिसण्याची वाट पाहू नये. सलग दुखणे आणि त्यासोबत यांपैकी कोणतेही एक, एवढे पुरे आहे.

एक गोष्ट मला कोणीतरी आधी सांगायला हवी होती. आतडे अडकले की पोट फुगते आणि कडक होते, असे आपण ऐकलेले असते, आणि एरवी ते खरेही आहे. पण येथे अडकलेले आतडे पोटात नसतेच, ते छातीत असते. त्यामुळे पोट मऊ लागते, कधीकधी उलट खपाटीला गेलेले दिसते. पोट मऊ आहे, म्हणजे काळजीचे कारण नाही, हा निष्कर्ष या रुग्णांच्या बाबतीत लागू पडत नाही.

आमच्याकडे तेच झाले. रात्री दोनच्या सुमारास वडील पलंगावर पाय खाली सोडून बसलेले होते. डावा तळहात बरगड्यांच्या कडेवर दाबून धरलेला, आणि प्रत्येक श्वास अर्ध्यावर सोडत होते. आईने ओवा आणि सैंधव दिले, पोटाला हिंग चोळले. मी पोटाला हात लावून पाहिला, ते मऊ होते. म्हणून आम्ही उजाडेपर्यंत थांबलो. सकाळी जवळच्या रुग्णालयात ईसीजी काढला, तो ठीक निघाला. पित्ताचे इंजेक्शन दिले. दुपारी छातीचा एक्स-रे झाला आणि डाव्या छातीत पाणी झाले आहे, सुई घालून काढावे लागेल, असे सांगण्यात आले. परिचारिका ट्रे मांडत असतानाच माझ्या भावाने तो एक्स-रे मोबाईलवर वडिलांच्या मूळ शल्यचिकित्सकांच्या सहायकांना पाठवला. दोन मिनिटांत फोन आला. ते म्हणाले, सुई घालू देऊ नका, ते पाणी नसेल, आतडे असेल, आधी सीटी करा. सीटीमध्ये मोठ्या आतड्याचा आडवा भाग डाव्या छातीत वर चढलेला दिसला. त्याच संध्याकाळी शस्त्रक्रिया झाली आणि आतडे वाचले. सुई घातली गेली असती तर ती आतड्यात गेली असती आणि त्यातली घाण छातीत पसरली असती. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही; अशा रुग्णाच्या एक्स-रेमध्ये आतड्यातले पाणी आणि हवा खरोखरच छातीतल्या पाण्यासारखी किंवा फुफ्फुसाबाहेर साठलेल्या हवेसारखी दिसते. पण आम्ही दारातून आत शिरताना, यांची अन्ननलिका काढलेली आहे आणि जठर छातीत आहे, हे वाक्य म्हटले असते तर तो ट्रे मांडलाच गेला नसता. आम्ही म्हणालो होतो, यांचे मागच्या वर्षी कॅन्सरचे ऑपरेशन झाले आहे. ते पुरेसे नव्हते.

पहिल्या अर्ध्या तासात काय करावे

रुग्णाला बसते ठेवावे, पाठीला उशा द्याव्यात, आडवे झोपवू नये. झडप नसल्यामुळे उलटी सहज श्वासनलिकेत उतरते आणि मूळ दुखण्यावर न्यूमोनियाची भर पडते. तोंडाने काहीही देणे बंद करावे. पाण्याचा घोटही नको, कारण तातडीने भूल द्यावी लागण्याची शक्यता असते. आतड्यात बसवलेल्या नळीतून पातळ अन्न दिले जात असेल तर तेही ताबडतोब थांबवावे. ढेकर निघावी म्हणून सोडा पाजू नये, पोट साफ व्हावे म्हणून जुलाबाचे औषध किंवा एनिमा देऊ नये, पोट चोळू नये, घरातली वेदनाशामक गोळी देऊन सकाळपर्यंत थांबू नये. आपल्याकडे पोटदुखीचे पहिले नाव गॅस असते आणि दुसरे पित्त. या रुग्णांपुरती ही दोन्ही नावे शेवटी घ्यावीत.

महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. फोन करताना दम लागत आहे आणि सलग दुखत आहे, हे दोन्ही सांगावे. शक्य असेल तर सीटी स्कॅन आणि शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयातच थेट जावे. कर्करोगाची शस्त्रक्रिया मुंबईत किंवा पुण्यात झालेली असते आणि रुग्ण राहतो जळगावला, नांदेडला किंवा सावंतवाडीला, ही आपल्याकडची नेहमीची परिस्थिती आहे. अशा वेळी मूळ रुग्णालय गाठण्यासाठी रात्रभर गाडी चालवत निघण्यापेक्षा जवळच्या मोठ्या रुग्णालयात सीटी करून घ्यावा, तेथील शल्यचिकित्सकांचे मूळ शल्यचिकित्सकांशी फोनवर बोलणे घडवून आणावे, आणि पुढे हलवायचे की तेथेच शस्त्रक्रिया करायची हे त्या दोघांना ठरवू द्यावे.

डॉक्टरांपुढे काय सांगावे

कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांकडे वेळ कमी असतो आणि अन्ननलिका काढलेला रुग्ण त्यांनी क्वचितच पाहिलेला असतो. म्हणून पहिलेच वाक्य नेमके असावे. मी आता वडिलांच्या पाकिटात एक कार्ड ठेवते. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे: ‘ईसोफॅगेक्टॉमी (अन्ननलिका काढण्याची शस्त्रक्रिया) झालेली आहे. जठराची नळी छातीत आहे. छातीत दुखणे, धाप किंवा उलट्या असल्यास डायफ्रॅममधून आतडे वर आल्याची शंका घ्यावी. सीटी स्कॅन होईपर्यंत छातीत सुई किंवा नळी शक्यतो घालू नये.’ खाली शस्त्रक्रियेची तारीख, पद्धत, जोड मानेत आहे की छातीत, आणि शल्यचिकित्सकांच्या विभागाचा फोन क्रमांक. शक्यतो हा शब्द मुद्दाम लिहिला आहे, कारण जीव धोक्यात असेल तर निर्णय समोरच्या डॉक्टरांचाच असतो. आपले काम त्यांना माहिती देण्याचे आहे.

आणखी दोन गोष्टी सांगाव्यात. नाकातून जठरात नळी घालायची वेळ आली तर जोड कोठे आहे ते आधी सांगावे, विशेषतः शस्त्रक्रियेला थोडेच दिवस झाले असतील तर, कारण अंदाजाने सरकवलेली नळी जोडाला इजा करू शकते. भूलतज्ज्ञांनाही जठर छातीत असल्याचे स्वतंत्रपणे सांगावे. रुग्ण उपाशी असला तरी भूल देताना जठरातले पाणी फुफ्फुसात उतरण्याचा धोका या रुग्णांत अधिक असतो आणि त्याची तयारी ते वेगळ्या रीतीने करतात.

सोबत डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेची टिपणे आणि शेवटच्या सीटी स्कॅनची सीडी असावी. जुनी सीडी नुसत्या जुन्या अहवालापेक्षा कितीतरी उपयोगी असते, कारण आधी काय होते आणि आता नवे काय दिसते, ही तुलना तिच्यावरूनच होते. कागदांचे फोटो घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये असावेत.

चाचण्या आणि त्यांचे अहवाल

पोटाची सोनोग्राफी लहान गावातही होते, म्हणून तीच आधी केली जाते. परंतु ध्वनिलहरी हवेतून नीट पुढे जात नाहीत, आणि छातीत चढलेल्या आतड्यात हवाच असते. सोनोग्राफी ठीक आली म्हणून हर्निया नाही असे ठरत नाही. छातीच्या एक्स-रेमध्ये डाव्या बाजूला डायफ्रॅमच्या वर हवेच्या गोल सावल्या किंवा हवा-पाण्याची आडवी रेघ नव्याने दिसली तर संशय बळावतो. येथे एक खाचखळगा आहे: छातीतल्या जठरात हवा-पाण्याची रेघ असणे या रुग्णांत नेहमीचे आहे. मध्यभागी किंवा उजवीकडे असलेली ती जुनी रेघ आणि डावीकडची नवी रेघ, यांतला फरक जुना एक्स-रे शेजारी ठेवल्यावरच कळतो. उलट एक्स-रे नेहमीसारखा दिसला तरी लक्षणे जोरदार असतील तर तेथे थांबू नये.

निर्णायक तपासणी म्हणजे छाती आणि पोट या दोन्हींचा एकत्र सीटी स्कॅन, आणि मूत्रपिंड ठीक असल्यास शिरेतून रंगद्रव्य देऊन केलेला. त्यातून कोणता अवयव वर गेला आहे, तो अडकला आहे का, आणि त्याच्या भिंतीला रक्त मिळते आहे का, हे दिसते. नुसत्या छातीचा किंवा नुसत्या पोटाचा स्कॅन केला तर नेमकी सीमेवरची जागा अर्धवट राहते. स्कॅनच्या अर्जावर अन्ननलिका काढल्याचे स्पष्ट लिहून घ्यावे. ते लिहिलेले नसेल तर दोन्ही बाजूंनी चूक होऊ शकते: छातीत मुद्दाम ठेवलेल्या जठरालाच मोठा हर्निया म्हटले जाते आणि घरचे विनाकारण हादरतात, किंवा जठराच्या शेजारी चढलेले आतडे जठराचाच भाग समजून सोडून दिले जाते. रक्ततपासण्या करतातच, पण पहिल्या तासांत त्या सर्व ठीक येऊ शकतात, हे लक्षात असावे.

जखमेच्या जागी येणारे हर्निया

हे दिसतात, म्हणून ओळखायला सोपे. पोटाच्या मधल्या व्रणावर उभे राहिल्यावर किंवा खोकल्यावर फुगवटा येतो आणि आडवे झाल्यावर आत जातो. आतड्यात अन्नाची नळी बसवलेली असेल किंवा होती, तर तिच्या जागीही तो येऊ शकतो. दुर्बिणीच्या लहान छिद्रांच्या जागी आलेला फुगवटा लहान दिसतो म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते, पण तोंड अरुंद असल्यामुळे तोच जास्त घट्ट अडकतो. फुगवटा एकाएकी कडक झाला, दुखू लागला, आत जाईनासा झाला, त्यावरची कातडी लाल-काळपट झाली किंवा उलट्या सुरू झाल्या, तर तो दाबून आत ढकलण्याचा प्रयत्न न करता थेट रुग्णालयात जावे.

त्रास नसताना हर्निया सापडला तर

नियमित तपासणीत आतडे किंवा चरबीचा पदर छातीत दिसला आणि रुग्णाला काहीच जाणवत नसेल, तर लगेच शस्त्रक्रिया करायची की लक्ष ठेवायचे, यावर तज्ज्ञांतही वेगवेगळी मते आहेत. नुसता चरबीचा पदर वर गेलेला असेल, प्रकृती क्षीण असेल किंवा कर्करोगाचे उपचार चालू असतील, तर थांबणे रास्त ठरते. आतडे गेलेले असेल आणि माणूस धडधाकट असेल, तर अडकण्याआधी सवडीने केलेली दुरुस्ती मध्यरात्रीच्या धावपळीपेक्षा सोपी असते. हा निर्णय अन्ननलिकेच्या शस्त्रक्रिया नेहमी करणाऱ्या शल्यचिकित्सकांकडूनच घ्यावा. कारण छातीतल्या जठराचे आयुष्य त्याच्या कडेने जाणाऱ्या एका मुख्य धमनीवर अवलंबून असते, आणि आतडे खाली ओढताना व भोक शिवून लहान करताना ती दुखावली तर जठरच धोक्यात येते. म्हणूनच भोक फार घट्ट शिवता येत नाही, आणि जाळी बसवावी की नाही याचाही विचार करावा लागतो, कारण ती जठराला घासू शकते. दुरुस्तीनंतर हर्निया पुन्हा होऊ शकतो, हे आधीच विचारून समजून घ्यावे.

लक्ष ठेवायचे ठरले तर ते मोघम असू नये. दर आठवड्याला एकाच वारी, एकाच वेळी वजन करावे. जेवल्यानंतरची धाप, दुखण्याची बाजू, वारा आणि शौच यांची दोन ओळींत नोंद ठेवावी. बद्धकोष्ठ होऊ देऊ नये, रेंगाळलेला खोकला अंगावर काढू नये, पाण्याच्या कळश्या, गॅसची टाकी, धान्याची पोती उचलू नयेत. थोडे थोडे, दिवसातून सहा-आठ वेळा खावे.

एक शेवटची गोष्ट, आणि ती मला सर्वांत जास्त सलते. वडिलांना डाव्या बाजूला दुखू लागून दीड महिना झाला होता. त्यांनी कोणालाच सांगितले नव्हते. कर्करोग परत आला असणार, आता पुन्हा सगळ्यांना त्यात ओढायचे नाही, असे त्यांनी मनाशी ठरवून टाकले होते. तपासणीत कर्करोगाचा मागमूसही नव्हता. आतडे जागेवरून सरकले होते आणि ते खाली आणून फट शिवता आली. रुग्ण जेवताना मध्येच थांबत असेल, डाव्या कुशीवर झोपायचे टाळत असेल, ‘काही नाही’ म्हणत बरगड्यांवर हात ठेवत असेल, तर त्याला समोर बसवून विचारावे, आणि हे दुखणे दुरुस्त होण्यासारखेही असू शकते, हे त्याच वेळी सांगावे.